बाहेरून कुलूप

हौसाबाईचा एक साधा नियम होता. जो माणूस पैसे मागतो तो चोर, आणि जो मागत नाही तो त्याहून मोठा चोर. ठाण्यापलीकडच्या दिवा गावात अकरा वर्षं काढलेल्या बाईला हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून दवाखान्याच्या बाकावर शेजारी येऊन बसलेली योगिनी नावाची मुलगी जेव्हा म्हणाली, "मावशी, काही द्यायचं नाही, फक्त फॉर्म भरायचा," तेव्हा हौसाबाईनं सगळ्यात आधी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

योगिनी एका संस्थेत होती. संस्थेनं कळव्यात एक जुनी इमारत घेऊन नीट केली होती आणि तिच्या तळमजल्यावरच्या खोल्या, ज्यांच्या घरात अपंग माणूस आहे आणि डोक्यावर धड छप्पर नाही, अशांना द्यायच्या होत्या. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानानं. भाडं देत राहाल तोवर कुणी उठवणार नाही, असा रीतसर करार. हौसाबाईची मुलगी दक्षता चोवीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी तिला मणक्याचा टीबी झाला. आजार बरा झाला, पण जाताना दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. मायलेकी राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दक्षताला खाली आणायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. चार पुरुष एका वेळी मोकळे सापडायचे फक्त रविवारी, आणि दवाखाना नेमका रविवारी बंद. वर्षभरात ती पोरगी चार वेळा जमिनीवर उतरली होती. चौथ्या खेपेला ही योगिनी भेटली.

"आणि तुम्हाला काय मिळतं यातून?" हौसाबाईनं विचारलं.

"पगार," योगिनी म्हणाली.

हे उत्तर हौसाबाईला पटलं, पण जरासंच. सही दक्षतानं केली. आधार कार्डाची झेरॉक्स देताना मात्र हौसाबाईनं त्या कागदावर दोन तिरक्या रेघा मारून, मध्ये 'फक्त घराच्या अर्जासाठी' असं तारखेसकट लिहून घेतलं. योगिनी हसली. हौसाबाई हसली नाही.

तिच्या या संशयाला एक कारण होतं, आणि ते कारण होतं एक कप चहा.

तीन वर्षांपूर्वी ही मंडळी दिव्यातच दुसऱ्या एका इमारतीत राहत होती. दक्षताचा बाप मारुती तेव्हा होता. एक दिवस हातात कागद घेऊन एक माणूस आला, गोड बोलला, कोण कोण राहतं ते विचारू लागला. हौसाबाईनं त्याला बसायला पाट दिला, आलं घालून चहा दिला आणि स्वतःचीच नाही, तर अख्ख्या मजल्याची नावं भडाभडा सांगितली. वाटलं, रेशनकार्डाचं काम असेल. बाविसाव्या दिवशी इमारत पाडायला पालिकेची गाडी आली. बांधकाम बेकायदा होतं, बिल्डर कधीच पसार झालेला. दक्षताला चादरीच्या झोळीत घालून खाली आणावं लागलं. त्या धसक्यातून मारुती काही सावरला नाही. सहा महिन्यांत छातीत कळ येऊन गेला. इमारत आज ना उद्या पडणारच होती, हे हौसाबाईला कितीतरी जणांनी समजावलं. पण आपण चहा पाजून आपलं घर पाडून घेतलं, हे तिच्या मनातून निघालं नाही ते नाहीच.

म्हणून या नव्या इमारतीत आल्या आल्या तिनं सगळ्यांना एक शिस्त लावली. ही इमारतही तसलीच, कागदांत नसलेली. तळापासून गच्चीपर्यंत पाण्याचा लोखंडी पाइप गेला होता. त्यातून पाणी क्वचितच यायचं, त्यामुळे तो वाजायचा छान. कागद घेऊन कुणी अनोळखी माणूस जिन्याकडे वळला, की खाली मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणारा विनीत त्या पाइपावर पान्यानं तीन ठोके घालायचा. मग समोरासमोरच्या दोन घरांपैकी एकानं आत गप्प बसायचं, दुसऱ्यानं त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि विचारणाऱ्याला सांगायचं, "गावाला गेलेत." बावीस कुटुंबं, आणि सगळी जणू कायमची गावाला गेलेली. याचा खरंच काही उपयोग होत होता का, देव जाणे. पण तीन वर्षं इमारत उभी होती, आणि उभ्या इमारतीशी वाद कोण घालणार? हौसाबाईचा शब्द त्या जिन्यावर चालायचा.

फॉर्म भरल्यावर हौसाबाई कळव्याला जाऊन आली. कुणाला न सांगता. डोंबिवलीत दोन घरी पोळ्या करायची ती, त्या दिवशी तिथं 'अंग मोडून आलंय' असा निरोप धाडला. इमारत खरोखरच होती. दाराशी उतार केलेला, ओटा बुटका, बसलेल्या माणसाला पोचेल असा नळ. दाराची कडीसुद्धा खाली लावलेली, मांडीच्या उंचीवर. इतक्या खाली कडी म्हणजे चोराचीच सोय, असं हौसाबाईच्या मनात आलं.

पहिल्या खोलीत दामाजी म्हणून एक म्हातारा होता, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. साखरेनं त्याचा एक पाय गेला होता. तो उंबऱ्यात बसून सुकट निवडत होता.

"काका, खरं सांगा, हे लोक काय घेतात?" हौसाबाईनं विचारलं.

"काय नाय घेत गो. भाडा घेतान, पावती देतान."

"आणिक?"

"येतान, बगतान, लिवून जातान."

"काय लिहितात?"

"त्यांना ठाव," दामाजी म्हणाला. "मना कशाला त्याची उठाठेव? मी आता रोज खाडीवर जातंय, तेवरा मना बस हाय."

लिहून नेतात म्हटल्यावर हौसाबाई पिशवी सावरत तिथून निघाली. पण परत येताना तिच्या डोळ्यांसमोरून तो उतार हलेना. दक्षता घरी साड्यांना फॉल लावायची. बायका साड्या वर आणून द्यायच्या, वरूनच घेऊन जायच्या. त्या उतारावरून ती स्वतः दुकानात जाईल, आवडेल तो दोरा स्वतः निवडेल, असं हौसाबाईला दिसलं आणि ती रिक्षात एकटीच रडली. घर हवं, असं तिनं त्या दिवशी मनाशी कबूल केलं.

पण इमारतीत तिनं एका शब्दानं वाच्यता केली नाही. गोष्ट षट्कर्णी झाली की फिसकटते. कुणी दृष्ट लावेल, कुणी आपल्याच भाच्याचा अर्ज पुढे सरकवेल. समोरची आवडाबाई म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी. रोज एकमेकींच्या घरून कोथिंबीर उसनी जायची. पण तिच्या सुनेचा भाऊ पायानं अधू होता. हौसाबाईनं विचार केला आणि तिलाही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात, मंगळवारी अकराच्या सुमारास, पाइप वाजला.

हौसाबाई कांदा चिरत होती. तिनं गॅस बंद केला, पंखा बंद केला. बाहेर आवडाबाईच्या चपला वाजल्या, कडी लागली, कुलूप खटकन बसलं. थोड्या वेळानं जिन्यावरून धापा टाकत कुणीतरी आलं.

"काकू, दक्षता मारुती गलांडे इथंच राहतात ना?" आवाज तरुण होता.

"कोण गलांडे?" आवडाबाई म्हणाली.

"त्यांना चालता येत नाही. आई असते बरोबर."

"त्या होय? त्या गेल्या गावाला. खोली सोडली त्यांनी."

"सोडली? कधी?"

"झाले की चार महिने. परत नाय यायच्या आता. तिकडं जमीन आहे त्यांची, विहीर आहे."

आवडाबाईला खोटं बोलताना त्यात भर घालायची हौस होती. गावाकडे हौसाबाईची वीतभर जमीन नव्हती, विहीर तर लांबच. तरी आत बसल्या बसल्या तिला मैत्रिणीचं कौतुकच वाटलं.

"आणि तुम्ही?"

"मी पाहुणी आलेय."

दक्षता कुजबुजली, "आई, संस्थेचा असेल."

"नाव घेऊन विचारतोय. म्हणजे यादी आहे. त्या चहा पिऊन गेलेल्याकडेपण यादीच होती."

"पाय सांगितले त्यानं माझे. ते पालिकेला कसं कळेल?"

 हौसाबाईनं दक्षताच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर पेनचं टोपण उघडल्याचा बारीक आवाज झाला, मग पावलं खाली गेली. हौसाबाईनं खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं. पाठीला सॅक लावलेला एक मुलगा रस्ता ओलांडत होता. पालिकेची गाडी कुठंच नव्हती. त्यानं एकदा मागं वळून इमारतीकडे पाहिलं आणि तो स्टेशनच्या दिशेनं गेला.

संध्याकाळी योगिनीचा फोन आला. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर हौसाबाईला जास्त लागलं. "मावशी, तुम्ही गावाला गेल्याचं का नाही सांगितलं? आमचा शौनक येऊन गेला. तुम्ही तिथं राहत नाही, असा त्याचा रिपोर्ट आहे. यादीतून नाव काढलंय तुमचं."

दक्षता रात्री जेवली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, मला तुझा हात बाजूला करता आला असता. माझ्या हातात ताकद आहे. पण मीपण नाही केला. मलापण तू तुझ्यासारखंच करून ठेवलंयस."  हौसाबाईनं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्तकनगरला संस्थेच्या ऑफिसात जाऊन धडकली. "आम्ही तिथंच राहतो," ती योगिनीला म्हणाली. "आतच होतो आम्ही."

"मग दार का नाही उघडलं?"

हौसाबाईनं पाइपाचं काही सांगितलं नाही. "घाबरलो," एवढंच म्हणाली. तेही खरंच होतं. "पण तुम्ही न सांगता कशाला येता? सांगून आलात तर माणूस दारात उभं राहील."

"सांगून गेलो ना मावशी, तर लोक एका दिवसापुरती खोली भाड्यानं घेतात. कुणाकुणाची आजी आणून खाटेवर झोपवतात. दोनदा फसलोय आम्ही."

"म्हणजे तुम्ही आमच्यावर संशय घेता."

"तुम्ही नाही घेत?" योगिनीनं विचारलं.

 योगिनीनं आत जाऊन कुणाशी तरी बोलून घेतलं. आणखी एकदा माणूस येईल, पंधरा दिवसांत. दिवस सांगणार नाही, कोण येईल तेही नाही. तेव्हाही कुणी सापडलं नाही, तर खोली पुढच्या कुटुंबाला.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हौसाबाईनं सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि झालेलं सगळं सांगितलं. आवडाबाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडत गेला.

"मला सांगितलं असतंस, तर मी त्याला हाताला धरून आत आणलं असतं," ती म्हणाली. "मी विहीर सांगत बसले."

हौसाबाईनं मान खाली घातली. भाच्यांचं आणि सुनेच्या भावाचं तिला आता बोलवेना.

पण खरी अडचण पुढेच होती. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत पालिकेनं मोजणी सुरू केली होती. विनीत म्हणाला, "मावशी, मला कसं कळणार कोण कुठला ते? शर्ट-पँट सगळ्यांचीच सारखी. कागद दोघांच्याही हातात. मी आपला पाइप वाजवणार." त्याचं चुकत नव्हतं. "आणि तुम्हीच शिकवलंय आम्हाला. एकानं तोंड उघडलं की बावीस घरं उघडी." शब्द हौसाबाईचेच होते.

शेवटी ठरलं ते असं. पाइप वाजेल, कुलपं लागतील, सगळं नेहमीसारखं. हौसाबाईच्या कुलपाची किल्ली आवडाबाईच्या कमरेला. "तू आतून हाक मारलीस तर उघडीन," आवडाबाई म्हणाली, "नाय मारलीस तर तू गावाला. ठरवायचं तू."

त्या दिवसापासून हौसाबाईनं पोळ्यांना जाणं बंद केलं. जिन्यात मांजर आलं तरी ती कान टवकारायची. गॅसवाला आला, लाइटबिलवाला आला. दोन्ही वेळा ती हातातलं काम टाकून दाराशी गेली. दक्षता फॉल लावत बसायची आणि आईकडे बघायचीसुद्धा नाही. ओरडणं तिला जमलं असतं, पण तिनं सांगून टाकलं होतं, "मी नाही ओरडणार. त्या दिवशी तू तोंड दाबलंस, आता तूच उघड."

नवव्या दिवशी, शनिवारी, पाइप वाजला. कुलूप लागलं. पावलं या वेळी जड होती, दर मजल्यावर थांबत येणारी. थांबत येतो म्हणजे दारं मोजत येतो, हौसाबाईला वाटलं.

दारावर थाप पडली. "कोणी आहे का?" वयस्क आवाज. नाव नाही, गाव नाही.

"गावाला गेलेत," आवडाबाई म्हणाली. पण या वेळी तिनं भर घातली नाही.

"किती माणसं राहत होती इथं?"

हाच तो प्रश्न. तीन वर्षांपूर्वी त्या माणसानंही असाच विचारला होता, बशीत चहा ओतता ओतता.  हा पालिकेचाच. शंभर टक्के पालिकेचा. आत्ता हाक मारली तर आपलंच नाही, एकवीस घरांचं वाटोळं; आवडाबाईचं, विनीतचं, दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीचं. आणि नाही मारली, आणि तो संस्थेचा असला, तर? तिनं दक्षताकडे पाहिलं. दक्षतानं सुई साडीत टोचून ठेवली होती आणि ती दाराकडे बघत होती. त्या दाराची कडी वर होती, तिच्या हाताला कधीच न येणारी. पाच वर्षांत पोरीनं आपल्या हातानं एक दार उघडलेलं नाही, हे हौसाबाईला तेव्हा उमगलं.

बाहेर पावलं वळली.

"आवडे," हौसाबाई ओरडली, "उघड गं. आहोत आम्ही."

 किल्ली फिरली. दारात पन्नाशीपुढचा, टक्कल पडलेला गृहस्थ उभा होता. त्यानं कुलपाकडे पाहिलं, हौसाबाईकडे पाहिलं, मग आत बसलेल्या दक्षताकडे. "मी हरिहर. संस्थेकडून आलोय," तो म्हणाला.  पण तो खुशीत दिसत नव्हता. "मुलीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावता तुम्ही?"

"मीपण आतच होते की," हौसाबाई म्हणाली. पण आता संशय घेण्याची पाळी त्याची होती. मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय, तुम्ही बाहेर थांबा, असं त्यानं शांतपणे सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

हौसाबाई आपल्याच दाराबाहेर उभी राहिली. विनीत वर आला होता, खालच्या बायका आल्या होत्या. आवडाबाईनं खूण केली, कान लाव. हौसाबाईनं लावला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित काय ऐकू येईल याचीच तिला भीती वाटत होती. आईनं मला डांबून ठेवलं, असं पोरगी म्हणाली तर ते खोटं ठरवायला तिच्याकडे काय होतं?

अर्ध्या तासानं हरिहर बाहेर आला. "मुलीनं सगळं सांगितलं," तो म्हणाला. "पाइपाचंही."

विनीतनं हातातला पाना पाठीमागे लपवला.

"ते लिहायला मी आलेलो नाही."

"दाखवा," हौसाबाई म्हणाली.

त्यानं कागद तिच्यापुढे धरला. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतात. आईसोबत. आईसोबतच राहायचे आहे असे स्वतः सांगितले.' हौसाबाईनं ते दोनदा वाचलं. मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मागं कोरं होतं.

दीड महिन्यानं चौघांनी दक्षताला प्लास्टिकच्या खुर्चीतून शेवटचं खाली उतरवलं. त्याआधी आवडाबाईच्या सुनेच्या भावाचा फॉर्म हौसाबाईनं स्वतः वर्तकनगरला नेऊन दिला होता. आवडाबाईनं तिला ते कुलूप देऊ केलं. हौसाबाई म्हणाली, राहू दे इथंच, कुणाच्या तरी कामाला येईल.

कळव्याला जाऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी दारावर थाप पडली. हौसाबाईचा हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला. पंखा थांबत आला, तशी तिनं दक्षताकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पण दक्षता जागेवर नव्हतीच. संस्थेनं दिलेल्या चाकाच्या खुर्चीतून ती दारापाशी पोचली होती. तिनं हात पुढे केला, मांडीच्या उंचीवरची ती कडी काढली आणि दार आत ओढलं.

बाहेर शौनक होता, तोच सॅकवाला, हातात कागद. "दक्षता मारुती गलांडे इथंच राहतात ना?"

"हो," दक्षता म्हणाली. "मीच."

हौसाबाईनं पंखा लावला. मग पदर खोचत ती पुढे आली आणि तिनं त्या मुलाला नखशिखांत न्याहाळलं.

"आधी तुझं कार्ड दाखव," ती म्हणाली. "मग चहा टाकते."